रविवारी माटुंगा, एरवी कुकर

आजी-आजोबा आणि लहान मुलांना घेऊन बाहेर खायचं असेल तर मुंबईत माटुंग्याची उडुपी हॉटेलं बघ. इडली मऊ, तिखट बेताचं. रविवारी मात्र सकाळी ८ च्या सुमारास पोच. उशीर झाला की रांगेत म्हाताऱ्यांचे पाय भरून येतात.

घरी स्वयंपाक शिकायचा असेल तर आधी कुकरमधल्या मऊ खिचडीवर हात बसू दे. १ वाटी तांदूळ, अर्धी वाटी मूगडाळ धुऊन २० मिनिटं निथळत ठेव. तुपात जिरं तडतडलं की हिंग, हळद. मग डाळ-तांदूळ २ मिनिटं परत. पाणी साडेचार वाट्या, आणि तेही उकळतं! गार ओतलंस तर उकळी यायला वेळ लागतो. मीठ घालून ३ शिट्ट्या. कुकर अर्ध्याच्या वर भरू नकोस, नाहीतर शिटीतून पिवळा फेस ओट्यावर उडतो. वाफ आपोआप जिरू दे, तोवर पापड भाज.