पसंतीक्रम तुझ्या मनाचाच लिही

प्रिय वाचक लेकीस,

अभियांत्रिकी प्रवेशाच्या सीईटीला ९२ पर्सेंटाइल, आवड इलेक्ट्रिकलची; वडील म्हणतात, कॉलेज कुठलेही चालेल पण कॉम्प्युटरच घे; आणि चुलतभावाने बजावले आहे की मोठी कॉलेजे वर लिहिलीस तर हातची जागा जाईल. तुझी झोप उडाली आहे, हे पत्रावरून कळते.

आधी भावाचा सल्ला बाजूला ठेव, त्यात तुझे खरोखर नुकसान आहे. कॅपमध्ये, म्हणजे केंद्रीभूत प्रवेश प्रक्रियेत, जागा गुणवत्ता क्रमांकाने मिळतात. तुझा क्रमांक आला की तुझी यादी वरून खाली पाहिली जाते आणि जिथे जागा शिल्लक असेल असा पहिला पर्याय तुला दिला जातो. म्हणून पुण्याचे सीओईपी किंवा सांगलीचे वालचंद यांसारखे मोठे कॉलेज वर लिहून ते मिळाले नाही, तरी खालच्या पर्यायावरचा तुझा हक्क तसूभरही कमी होत नाही. उलट ‘हमखास मिळेल’ म्हणून नावडते कॉलेज पहिले लिहिलेस आणि पहिल्याच फेरीत ते मिळाले, तर तीच जागा घ्यावी लागते आणि पुढच्या फेऱ्या संपतात. २०२५ मध्ये दुसऱ्या फेरीत ही अट पहिल्या तीन पसंतींना लागू होती.

गेल्या वर्षीच्या कटऑफमध्ये जीओपीईएनएच (खुल्या गटाच्या सर्वसाधारण जागा) या रकान्यातला आकडा पाहून तू खचलीस. पण मुलींसाठीच्या जागांचे रकाने ‘एल’ने सुरू होतात, ते पाहा. ईडब्ल्यूएसचा, म्हणजे आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटकाचा, रकाना वेगळा असतो, तोही पाहा.

आता शाखेचे. सुट्टीत मामांच्या रिवाइंडिंगच्या दुकानात तांब्याची तार गुंडाळायचीस आणि जळालेली मोटार नुसत्या वासावरून ओळखायचीस, हे तू एका ओळीत उरकलेस. मला ती ओळ पर्सेंटाइलपेक्षा मोलाची वाटते. वडिलांना ती ठाऊक आहे का? त्यांचा आग्रह काळजीपोटी आहे, आणि त्यातली फीची काळजी तरी तू हलकी करू शकतेस: वार्षिक उत्पन्न ८ लाखांच्या आत असलेल्या ईडब्ल्यूएस कुटुंबातील मुलींना २०२४-२५ पासून शिक्षण शुल्क पूर्ण माफ आहे. वसतिगृहाचा खर्च मात्र धरून चला.

फॉर्म भरण्याआधी वडिलांना घेऊन जवळच्या दोन कॉलेजांत जा, इलेक्ट्रिकलची मशीन लॅब उघडून दाखवा म्हणावे, आणि तिथल्या मोटारी चालू आहेत की धूळ खात पडल्या आहेत, हे तूच त्यांना समजावून सांग.

तुझी ताई