स्कोप्येच्या जेमियेत पक्षाचं काय झालं?

प्रश्न: युगोस्लाव्हियात तुर्क मुसलमानांचा एक पक्ष होता म्हणे, मग तो अचानक गायब कसा झाला?

उत्तर: हो होता, जेमियेत नाव, 1919 मध्ये स्कोप्येत, म्हणजे आजच्या उत्तर मॅसिडोनियाच्या राजधानीत निघाला, आणि तो नुसता तुर्कांचा नव्हता, कोसोवो-मॅसिडोनियातले अल्बेनियन मुसलमानही त्यातच होते आणि पुढारी बहुतेक जुने जमीनदार बे लोक. त्यांचं मुख्य दुखणं जमीन. सरकारने जमीनसुधारणा आणली, जमिनी काढून बाहेरून आणलेल्या सर्ब वसाहतवाल्यांना द्यायला लागले, म्हणून 1921 ला बेलग्रेडमध्ये राज्यघटनेवर मतदान झालं तेव्हा जेमियेतने पंतप्रधान निकोला पाशिचच्या सरकारला मतं दिली आणि बदल्यात सवलती मागितल्या. 1923 ला त्यांचे 14 खासदार आले, म्हणजे चांगलीच ताकद होती. पण पाशिचच्या रॅडिकल पक्षाशी बिनसलं आणि हे विरोधात गेले, आणि तिथूनच सगळं फिरलं. फेब्रुवारी 1925 ची निवडणूक आली तशी पुढाऱ्यांची धरपकड सुरू झाली, अध्यक्ष फरहाद बे द्रागा तुरुंगात, गावोगाव कार्यकर्त्यांना मारहाण आणि धाकदपटशा. निकालात जेमियेतची एकही जागा नाही! दोन वर्षांपूर्वी 14 आणि आता शून्य, हे मतदारांनी पाठ फिरवल्यामुळे झालं असं कुणी म्हणत असेल तर मला ते साफ अमान्य आहे. ज्यांची मतं घेऊन घटना पास केली त्यांनाच असं चिरडलं, याचा राग आजही येतो. पक्ष तिथेच संपला. 1929 मध्ये राजा अलेक्सांदरने हुकूमशाही आणली आणि उरलेल्या पक्षांवरही बंदी घातली.