बडोद्यात मुलीसाठी प्राथमिक शाळा कशी निवडावी? पहिलीत प्रवेश मिळेल का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: नाशिकहून बडोद्याला बदली, घर मांजलपूरला, मुलगी येत्या ऑगस्टमध्ये सहा पूर्ण करते, तिला या जूनला पहिलीत घालायचंय आणि चांगली शाळा कशी ओळखायची ते कळत नाही. मी दांडिया बाजारात वाढले, इथल्याच शाळांमध्ये बरीच वर्षं पहिली-दुसरी शिकवली, आता निवृत्त आहे. शाळेचं नाव सांगणार नाही. एकाच शाळेत ‘अ’ तुकडीला सोनं आणि ‘क’ तुकडीला माती मिळालेली मी पाहिली आहे. पहिली-दुसरीत मूल शाळेकडून शिकत नाही, एका बाईंकडून शिकतं.

आधी वयाचं बोलू, कारण गाडी तिथेच अडणार आहे. महाराष्ट्रात पहिलीसाठी ३१ डिसेंबरला सहा पूर्ण धरतात. गुजरातमध्ये १ जूनला सहा पूर्ण हवीत. म्हणजे नाशिकला तुमची लेक आरामात पहिलीत बसली असती, इथे नाही बसणार. २०२३-२४ पासून हे कडकपणे पाळतात. तेव्हा थोडक्यासाठी मुलं राहिली म्हणून पालक हायकोर्टात गेले होते. सप्टेंबर २०२३ मध्ये कोर्टाने त्यांच्या याचिका फेटाळल्या, आणि तीन वर्षांखालच्या मुलांना प्री-स्कूलला पाठवणं हेच मुळात पालकांचं बेकायदा वागणं आहे, असंही सुनावलं. तेव्हा ‘आम्ही करून देतो’ म्हणणारा कुणी भेटला तर त्याच्या नादी लागू नका. यंदा तिला बालवाटिकेत, म्हणजे पहिलीच्या आधीच्या वर्गात घाला. १ जूनला पाच पूर्ण असली की ती तिथे बसते. काही खासगी शाळा त्याच वर्गाला सिनियर केजी म्हणतात.

वर्ष वाया गेलं असं वाटून घेऊ नका. पावणेसहाचं आणि पावणेसातचं मूल शेजारी बसवून मी शिकवलेलं आहे. पावणेसहाच्या बोटांत पेन्सिल अजून नीट बसलेली नसते, ओळ संपेपर्यंत हात दुखतो, मग ते खिडकीबाहेर बघतं आणि बाई म्हणतात लक्ष नाही. तेच मूल वर्षभराने आलं असतं तर वर्गात पुढे असतं.

आता प्रवेश. खासगी शाळांचे फॉर्म साधारण दिवाळीच्या आगेमागे निघायला लागतात. सीबीएसईच्या शाळा एप्रिलमध्ये सुरू होतात, गुजरात बोर्डाच्या जूनमध्ये. ‘इंटरॅक्शन’ला बोलावलं तर जा, पण एक ठाऊक असू द्या: शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १३ नुसार प्रवेश देताना मुलाची किंवा आईवडिलांची चाळणी लावता येत नाही आणि देणगीही घेता येत नाही. चाळणीला पहिल्या खेपेस २५,००० रुपयांपर्यंत दंड, पुढे प्रत्येक वेळी ५०,०००. देणगी घेतली तर तिच्या दहापटीपर्यंत. जागांपेक्षा अर्ज जास्त आले तर सोडत काढायची. अल्पसंख्याक संस्थांच्या शाळांना मात्र सुप्रीम कोर्टाच्या २०१४च्या निकालामुळे हा कायदा लागू होत नाही, म्हणून काही कॉन्व्हेंटमध्ये वेगळी पद्धत दिसेल. याच कायद्याने खासगी शाळांत कमी उत्पन्नाच्या वगैरे घरांतल्या मुलांसाठी ठेवलेल्या २५ टक्के, म्हणजे आरटीईच्या जागांसाठी ऑनलाइन अर्ज असतो. गुजरातने उत्पन्नाची मर्यादा २०२५ मध्ये वाढवून ६ लाख केली. तुम्ही त्यात बसत असाल तर मागे राहू नका, त्यात कमीपणा काही नाही.

फीबद्दल नवे आलेले लोक फार गोंधळतात. २०१७च्या कायद्याने गुजरातमधल्या खासगी शाळांना, बोर्ड कुठलंही असो, प्राथमिकसाठी वर्षाला १५,००० रुपयांची मर्यादा आहे. त्याहून जास्त घ्यायची तर शाळेने फी नियमन समितीपुढे हिशेब मांडून मंजुरी घ्यायची. बडोद्यासाठी विभागीय समिती आहे. ऑफिसात ‘फी किती’ विचारू नका, ‘समितीने मंजूर केलेली फी किती, आदेश दाखवता का’ असं विचारा. क्लार्कचा चेहरा बघण्यासारखा असतो. मग ॲक्टिव्हिटी, ॲन्युअल डे, ठराविक दुकानातून घ्यायच्या वह्या, हे सगळं वेगळं विचारा, कारण खिसा तिथेच कापला जातो.

दर्जाबद्दल मला सगळ्यात जास्त बोलायचंय.

शाळा दाखवायला नेतात तेव्हा स्मार्ट बोर्ड, स्केटिंगची रिंग आणि रोबोटिक्सची खोली दाखवतात. बघून घ्या, कौतुक करा, आणि मग म्हणा, ‘दुसरीच्या मुलांच्या चार-पाच वह्या बघता येतील का?’ समजा, इंग्रजीच्या वहीत ‘माझी आई’ यावर पाच ओळी आहेत. सगळ्या वह्यांत आईचं नाव तेवढं वेगळं, बाकी तीच वाक्यं, तोच क्रम, खाली तेच फुलाचं चित्र आणि अक्षर मोत्यासारखं. ते फळ्यावरून उतरवलेलं आहे. मुलाने त्यात लिहिलं काहीच नाही, सुलेखन तेवढं केलं. याउलट एखाद्या वहीत पोराने लिहिलेलं असतं की माझ्या आईला झुरळाची भीती वाटते. झुरळाचं स्पेलिंग साफ चुकलेलं. बाईंनी पान लाल न करता त्या एकाच शब्दाभोवती गोल केलाय, वर बरोबर स्पेलिंग लिहिलंय आणि खाली विचारलंय, ‘आणि तुला?’ त्याच्याखाली पोराने उत्तर दिलंय, वाकडंतिकडं, ‘नाही’. अशी वही दिसली तर रोबोटिक्सची खोली नसली तरी फॉर्म भरा.

वह्या दाखवायला शाळा तयार नसेल तर तेही उत्तरच आहे. मग सोसायटीतल्या मुलांकडे वळा. त्या शाळेत तिसरीत जाणारं एखादं पोर संध्याकाळी खाली खेळताना सापडेल. त्याला त्याच्या पुस्तकातलं नको, गोष्टीचं नवं पुस्तक द्या, त्याच्या माध्यमाचं, आणि एक पान वाचून दाखवायला सांगा. परीक्षा घेतल्यासारखं नको, गंमत म्हणून. २०२१ मध्ये सुरू झालेल्या केंद्राच्या निपुण भारत या पायाभूत वाचन-गणिताच्या कार्यक्रमाने धरलेलं माप असं आहे की दुसरी संपताना मुलाने समजून-उमजून मिनिटाला ४५ ते ६० शब्द वाचावेत, तिसरीअखेर किमान ६०. शब्द मोजत बसू नका. वाचून झाल्यावर ‘मग काय झालं’ विचारा. धडाधड वाचतं पण गोष्ट सांगता येत नाही, असं दोघातिघांच्या बाबतीत दिसलं तर त्या शाळेत पाठांतर चालतं.

मग बाईंची चौकशी. पहिलीला कोण शिकवतं, किती वर्षांपासून, पीटीसी (प्राथमिक शिक्षकांचं प्रशिक्षण) किंवा बी.एड. झालंय का? सीबीएसई शाळांना शिक्षकांची पात्रता, इमारतीचा सुरक्षा दाखला, अग्निशमनाचा दाखला वगैरे माहिती आपल्या वेबसाइटवर जाहीर करावी लागते. ते पान शोधून वाचा, आणि संलग्नतेचा क्रमांक बोर्डाच्या साइटवर पडताळा. नव्या कॅम्पसवर मोठ्या अक्षरात सीबीएसई आणि खाली बारीक अक्षरात ‘अर्ज केला आहे’, असेही फलक लागतात. पण कागदावर सगळं असूनही दरवर्षी जूनमध्ये निम्म्या टीचर नव्या दिसत असतील तर सावध व्हा. बाया टिकत नाहीत त्याचं कारण बहुतेक पगार असतो, आणि त्याची किंमत पहिलीतली मुलं मोजतात. कायद्याने प्राथमिकला तीस मुलांमागे एक शिक्षक हवा, पण तो अख्ख्या शाळेचा हिशेब आहे. तुम्ही विचारा, ‘पहिलीच्या एका वर्गात मुलं किती?’ चाळिशीच्या वर गेली की कितीही चांगली बाई असो, शेवटच्या बाकावरचं मूल तिच्या हातून सुटतं.

आणखी एक: त्या शाळेतली पहिलीची मुलं ट्यूशनला जातात का? बडोद्यात ‘ट्यूशन तर हवीच’ असं लोक सहज म्हणतात. मला त्याचा राग येतो. सहा वर्षांच्या मुलाला शाळेनंतर पुन्हा शिकवावं लागत असेल तर सकाळभर शाळा करते काय? केंद्राच्या २०२०च्या दप्तर धोरणात दुसरीपर्यंत गृहपाठच नको असं म्हटलंय आणि पहिली-दुसरीच्या दप्तराचं वजन १.६ ते २.२ किलो धरलंय. सुटीच्या वेळी फाटकाशी उभं राहून एखादं दप्तर उचलून पाहा. तिथेच उभ्या उभ्या व्हॅन आणि रिक्षांत किती डोकी कोंबतात तेही दिसेल. आणि आत गेलात तर स्वच्छतागृह मुलांचं बघा, ऑफिसशेजारचं नव्हे.

बोर्डाची चिंता पाचवीपर्यंत करू नका. तुमची पुन्हा बदली होणार असेल तर सीबीएसई सोयीचं, नाहीतर फरक फारसा नाही. गुजरातीची तयारी मात्र ठेवा. २०२३च्या कायद्याने राज्यातल्या सगळ्या शाळांत, सगळ्या बोर्डांना, पहिली ते आठवी गुजराती सक्तीची आहे. मराठी घरातली मुलं ती खेळता खेळता उचलतात. बरीच अक्षरं ओळखीची वाटतात, डोक्यावरची रेघ तेवढी गेली. अडखळतात ते आईवडील, डायरीतली सूचना वाचताना.

मराठी माध्यमाचं विचारलं नाहीत, तरी सांगते. नगर प्राथमिक शिक्षण समितीच्या, म्हणजे महापालिकेच्या शाळांमध्ये गुजराती, हिंदीबरोबर मराठी माध्यमही आहे. सयाजीरावांनी १८९३ मध्ये अमरेली भागात सक्तीचं प्राथमिक शिक्षण सुरू केलं आणि १९०६ मध्ये सगळ्या संस्थानात नेलं, त्यांच्याच बडोद्यातल्या या शाळा. आपल्या लोकांना त्या बाहेरूनसुद्धा बघाव्याशा वाटत नाहीत. शिक्षक तिथे नियमाप्रमाणे पात्र असतात, बऱ्याचदा महागड्या शाळेतल्यांपेक्षा अनुभवी. तिथे प्रश्न पटाचा असतो. मुलं कमी असली की दोन-तीन इयत्ता एकत्र बसवतात. जाऊन बघा, मग ठरवा. इंग्रजी माध्यमात घातलंत तर मराठी वाचायला घरीच शिकवावं लागेल. त्यासाठी मांडवीजवळची सेंट्रल लायब्ररी आहे, १९१० सालची, मराठी पुस्तकांसाठी मी अजून तिथेच जाते.

अंतराबाबत मी हट्टी आहे. पहिलीच्या मुलाला घरापासून वीस मिनिटांपलीकडची शाळा नको. मांजलपूरहून गोत्री-भायलीच्या बड्या शाळांच्या बसमध्ये पोरं जातायेता झोपतात. शिवाय हे विश्वामित्री नदीचं गाव आहे. ऑगस्ट २०२४ मध्ये पूर आला तेव्हा शहराचे दोन भाग एकमेकांना तुटले होते. मध्ये नदी असेल तर विचार करा. सहलीबद्दलही स्पष्ट विचारा: कुठे नेता, किती मुलांमागे किती मोठी माणसं, पाण्यात नेता का? जानेवारी २०२४ मध्ये हरणी तलावात सहलीची नाव उलटून बारा मुलं आणि दोन शिक्षिका गेल्या. त्यानंतर हा प्रश्न विचारायला इथे कुणी संकोचत नाही, आणि चांगली शाळा त्याचं उत्तर तयार ठेवते.

शेवटचं काम फॉर्म भरण्याआधीचं. जन्मदाखला आणि आधार समोरासमोर ठेवून नावातलं अक्षर न् अक्षर जुळवा. गुजरातमध्ये आडनाव आधी लिहितात, मग मुलीचं नाव, मग वडिलांचं. महाराष्ट्रातला दाखला उलट्या क्रमाने असला की क्लार्क त्यातलं मधलंच काहीतरी आडनाव म्हणून टाकून देतो. शाळेच्या जनरल रजिस्टरमध्ये एकदा चुकीचं चढलं की पुढे एलसीवर (शाळा सोडल्याच्या दाखल्यावर) तेच येतं आणि दुरुस्तीसाठी फेऱ्या मारता मारता चपला झिजतात. रजिस्टरमधली नोंद डोळ्यांनी बघूनच बाहेर पडा.