पुतण्या बीडच्या बालगृहात आहे. तिथल्या मुलांची तब्येत, मारहाण सरकार तपासतं का?

हो, तपासणं कायद्यानं बंधनकारकच आहे. बाल न्याय अधिनियम २०१५, कलम ५४ प्रमाणे तपासणी समितीनं तीन महिन्यांतून किमान एकदा प्रत्येक बालगृहात जायचं असतं. पथकात किमान तिघं, त्यात एक महिला आणि एक वैद्यकीय अधिकारी. बाल कल्याण समितीच्या महिन्याला किमान दोन भेटी वेगळ्या. भेटायला जाल तेव्हा पुतण्याचं आरोग्य कार्ड दाखवायला सांगा, दर महिन्याच्या तपासणीची नोंद त्यावर हवी. सूचनापेटी कुठं आहे तेही बघा. ऑफिसच्या दारातच टांगलेली असेल तर लेकरू चिठ्ठी टाकायला धजत नाही. फक्त, समितीला घटकाभरात रात्रीचं काही दिसत नाही. अंगावर वळ दिसले, पोरगं एकाएकी गप्प झालं, तर पुढच्या तपासणीची वाट बघू नका, लगेच १०९८ ला, म्हणजे मुलांसाठीच्या मदत क्रमांकाला, फोन लावा.