'ओनियन'सारखं टवाळ ऑनलाइन मासिक सोलापुरात बसून चालवता येईल का?

प्रश्नात तुम्ही लिहिलंय की कॉलेज नुकतंच संपलंय, तिघं मित्र आहात, 'ओनियन' या खोट्या बातम्या छापणाऱ्या अमेरिकन विनोदी पत्रासारखं, गावातल्या सगळ्यांची टर उडवणारं ऑनलाइन मासिक काढायचंय आणि घरचे 'केस होईल' म्हणून मागे लागलेत.

केस नंतर होते. आधी काका येतात.

2006 साली आम्ही चौघांनी असलंच एक काढलं होतं, पार्क चौकाजवळच्या एका नेट कॅफेत बसून. तासाला पंधरा रुपये, त्यात लोडशेडिंग. तेव्हा विंडोज एक्सपीवर देवनागरी नीट दिसायला कंट्रोल पॅनेलमध्ये जाऊन एक खूण करावी लागायची, मग ते सीडी मागायचं. कॅफेवाल्याकडे सीडी नव्हती. त्यामुळे पहिल्या अंकातल्या सगळ्या ऱ्हस्व वेलांट्या आम्हाला अक्षराच्या उलट्या बाजूला घसरलेल्या दिसत होत्या, आणि वाचणाऱ्यांनाही.

दुसऱ्या अंकाचं शीर्षक होतं, 'उद्यापासून रोज पाणी, शहरात घबराट'. उजनी भरलेली असो की रिकामी, आपल्याकडे नळाची पाळी कधी येते ते तुम्हाला सांगायला नको. बातमीत लिहिलं होतं की पिंपांचं काय करायचं म्हणून लोक हवालदिल झालेत, आणि पहाटे तीनला उठायची सवय मोडल्यामुळे बुधवार पेठेत तीन संसार धोक्यात आलेत. कुणीतरी त्याची प्रिंट काढून कट्ट्यावरच्या फळ्याला लावली. अर्ध्या लोकांना खरंच वाटलं.

तिसऱ्या दिवशी आमच्यातल्या एकाचे काका त्याच्या घरी आले. महापालिकेत नोकरीला. ओरडले नाहीत. चहा घेतला, म्हणाले, "चांगलं लिहितोस बे. फक्त पुढच्या महिन्यात माझं प्रमोशन आहे." मित्र त्या दिवशीच बाहेर पडला. त्याचा राग आजही येत नाही.

तेव्हा वाटलं, गाव लहान म्हणून असं झालं. नंतर 'सक' या अमेरिकन साइटचा इतिहास वाचला आणि आपलं कुठं चुकलं ते कळलं. 1995 च्या ऑगस्टमध्ये कार्ल स्टेडमन आणि जोई अनफ या दोघांनी ती सुरू केली. दोघंही 'हॉटवायर्ड'मध्ये, म्हणजे 'वायर्ड' या तंत्रज्ञानाच्या मासिकाच्या वेबसाइटवर, नोकरीला, आणि साइट चालायची त्याच ऑफिसच्या सर्व्हरवर, गुपचूप! टोपणनावांनी लिहायचे. रोज एकच लेख, पानाच्या मधोमध अरुंद पट्टीत. टिंगल कुणाची, तर जिच्यावर त्यांचं पोट चालत होतं त्या इंटरनेटच्या धंद्याचीच. लिंकसुद्धा माहितीसाठी नसायची. शब्दावर क्लिक केलं की भलतंच काही उघडायचं आणि तोच विनोद असायचा. 2001 पर्यंत चालली.

म्हणजे काका हे आमचं संकट नव्हतं, आमचे लेखक होते. निवृत्त झाल्यावर त्यांनी मला टेंडर, व्हॉल्व्ह आणि टँकरचे जे किस्से ऐकवले, त्यातला एक जरी तेव्हा मिळाला असता तर आमची पिंपांची बातमी फाडून टाकली असती. आम्ही बाहेर उभं राहून दगड मारत होतो. तुम्ही आतले लोक धरा: यंत्रमागावरचा, शाळेतला, सहकारी बँकेतला. त्यांच्याच बोलीत लिहू द्या, मराठीत तेलुगू-कानडी मिसळली तर मिसळू द्या. फक्त त्यांची नावं खरोखर झाका. सोलापुरात टोपणनाव सात रस्त्यापासून नवी पेठेपर्यंतही टिकत नाही, त्यामुळे कोण लिहितं हे तिघांपैकी एकालाच माहीत असू द्या.

कायद्याचं थोडक्यात. ऑनलाइन आक्षेपार्ह लिहिलं म्हणून अटक करायला वापरलं जाणारं आयटी कायद्याचं 66अ हे कलम सर्वोच्च न्यायालयानं मार्च 2015 मध्ये रद्द केलंय. बदनामी मात्र अजून गुन्हाच आहे, आता भारतीय न्याय संहितेचं कलम 356, दोन वर्षांपर्यंत कैद. 'पण खरं होतं' एवढं पुरत नाही, ते सार्वजनिक हिताचं होतं हेही दाखवावं लागतं. तेव्हा खाजगी माणसाच्या वाटेला जाऊ नका.

पैशाचं म्हणाल तर 'ओनियन' 1988 मध्ये अमेरिकेतल्या मॅडिसन शहरातल्या दोन विद्यार्थ्यांनी कागदावर सुरू केला, वेबवर तो 1996 मध्ये आला. सुरुवातीच्या अंकांत खाली गावातल्या दुकानांची कापून घ्यायची कुपनं असायची. आम्ही एका चादरवाल्याकडे जाहिरात मागायला गेलो होतो. त्यानं दोन टॉवेल दिले आणि नाव छापू नका म्हणाला.

आणि 'मासिक' म्हणू नका. दर महिन्याला जमणार नाही, मग लाज वाटून बंद कराल. साठच्या दशकात अशोक शहाण्यांच्या 'असो'सारखे जे अंक निघाले त्यांना मराठीत छान शब्द आहे, अनियतकालिक. तो घ्या.

आमचं सगळं इंटरनेटवरच्या फुकटच्या जागेवर होतं. कंपनीनं ती सेवा बंद केली आणि दोन्ही अंक गेले. तुम्ही स्वतःचा डोमेन, म्हणजे वेबसाइटचा पत्ता, विकत घ्या, मालकाची माहिती झाकायची सोय असते ती चालू करा, आणि तिघांपैकी ज्याचं महापालिकेत कुणीच नाही त्याच्या नावावर घ्या.