आईला काय दिसतं, ते तिला विचारा

ताई,

माझं वय ४६. ठाण्यात राहतो, विमा कंपनीत नोकरी आहे. घरी बायको, बारावीतला मुलगा आणि वडील गेल्यापासून, म्हणजे तीन वर्षं, आमच्याकडे राहणारी आई. कर्ज नाही, भांडणतंटा नाही, कुणाचं आजारपण नाही. तरी वर्षभर एका विचारानं मला घेरलं आहे. जन्मापासून मरेपर्यंत मी फक्त मीच असणार. जे काही बघीन ते याच दोन डोळ्यांनी, याच डोक्यातून. बायकोबरोबर १९ वर्षं संसार केला, पण ती असणं म्हणजे काय हे मला कधीच कळणार नाही. लोकलमध्ये समोर बसलेल्या माणसाकडे बघताना वाटतं, याच्या आत एक अख्खं जग आहे आणि मला तिथे प्रवेश नाही. जीव गुदमरतो. इगतपुरीला जाऊन दहा दिवसांचं विपश्यनेचं शिबिर केलं, तर तिथेही माझ्याशिवाय दुसरं कोणी भेटलं नाही. थॉमस नागेल या तत्त्वज्ञाचा १९७४ सालचा वटवाघळावरचा निबंध वाचला आणि यातून सुटका नाही याची खात्रीच पटली. घरात तरी काय, मुलगा मोबाइलमध्ये, बायको शाळेच्या पेपरांत, आई तर हल्ली बोलतानाही माझ्याकडे न बघता खांद्यापलीकडे कुठेतरी बघत असते. प्रत्येक जण आपल्यातच बंद आहे, हेच सत्य आहे का? असेल तर जगायचं कसं?

– एक वाचक, ठाणे

*

आईबद्दल तुम्ही एकच वाक्य लिहिलंत, तेही अर्धं, मुलगा आणि बायको यांच्या शेपटाला जोडून. मला त्या अर्ध्या वाक्याच्या पुढे जाता आलं नाही.

ती कधीपासून अशी बघते? कुठल्या खांद्यापलीकडे? नेहमी त्याच बाजूला का? टीव्हीसमोर बसल्यावरही तिची मान किंचित वळलेली असते का? तांदूळ निवडायचं तिनं सोडलंय का? तुम्ही दारातून आत आल्यावर, तुमचा आवाज ऐकेपर्यंत, ती गप्प असते का? पैसे देताना नोट हातात उलटसुलट करून, उजेडाकडे धरून मग देते का?

हे सगळं मी का विचारते ते सांगते. चेहरा ओळखणं, वाचणं, सुईत दोरा ओवणं ही कामं आपण डोळ्याच्या पडद्याच्या अगदी मधल्या भागानं करतो. त्याला मॅक्युला म्हणतात. जेमतेम पाच-साडेपाच मिलिमीटरचा असतो तो. उतारवयात अनेकांचा हा भाग झिजतो. कडेचं दिसत राहतं, त्यामुळे माणूस कुठे न धडपडता घरात वावरतो आणि घरच्यांना वाटतं, सगळं ठीक आहे. पण रोखून जिथे बघावं, नेमकं तिथलंच पुसलं जातं. समोरच्याच्या तोंडाकडे सरळ बघितलं की तोंडच दिसेनासं होतं. मग डोळा आपली वाट काढतो. माणूस जरा बाजूला बघायला लागतो, म्हणजे समोरचा चेहरा पडद्याच्या शाबूत भागावर येतो. आपण असं करतोय हे कितीतरी जणांच्या लक्षातही आलेलं नसतं.

तुमची आई तुमच्या खांद्यापलीकडे बघते ती कदाचित तुमचा चेहरा दिसावा म्हणूनच.

मी डॉक्टर नाही आणि पत्रावरून निदान करणार नाही. एका कानानं कमी ऐकू येत असेल, म्हणून ती चांगला कान पुढे करत असेल. मान धरली असेल. नवरा जाऊन तीनच वर्षं झालीत, मन कुठेच लागत नसेल. यातलं काहीही असू शकतं, पण ते विचारल्याशिवाय कळत नाही आणि तुम्ही विचारलेलं नाही. तुम्ही तिच्या नजरेचा अर्थ परस्पर लावून टाकलात, आणि तोही तुमच्याच बाबतीतला: आई माझ्याकडे बघत नाही, म्हणजे मी एकटा. इथे मला तुमचा राग आला. ‘कुणाचं आजारपण नाही’ असं वरच्याच ओळीत तुम्ही किती बिनधास्त लिहून गेलात!

आता तो निबंध. वटवाघूळ आवाज सोडतं, त्याचा प्रतिध्वनी ऐकतं आणि अंधारात भक्ष्य धरतं. हे कसं घडतं ते विज्ञान सगळं सांगेल, पण वटवाघळाला आतून ते कसं जाणवतं हे आपल्याला कळणार नाही, असा नागेल यांचा मुद्दा आहे. मुद्दा खोल आहे, त्याच्याशी मी भांडणार नाही. पण त्यांनी वटवाघूळ निवडलं ते त्याच्या आणि आपल्या इंद्रियांत जमीन-अस्मानाचा फरक आहे म्हणून. त्याच निबंधात ते हेही म्हणतात की आपल्याशी पुरेसं साम्य असलेल्याचा दृष्टिकोन आपण घेऊ शकतो. फरक वाढत जाईल तसं ते अवघड होतं. हा भाग तुम्ही वाचलात आणि सोडून दिलात. वटवाघळाला काही विचारता येत नाही. आई शेजारच्या खोलीत आहे, मराठी बोलते, आणि ‘बस जरा’ म्हणायला बहुधा रोज तयार असते.

तुमच्या विषयातली सगळ्यात जवळची गोष्ट मला माहीत आहे ती जिनिव्हातली. शार्ल बोने नावाचे निसर्ग-अभ्यासक तिथे राहत. त्यांचे आजोबा शार्ल लुलँ नव्वदीला टेकलेले, मोतीबिंदूनं नजर बरीचशी गेलेली, डोकं मात्र तल्लख. या आजोबांना समोर कोणी नसताना माणसं दिसायची, पक्षी, गाड्या, इमारती दिसायच्या. यातलं काही खरं नाही हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. नातवानं म्हातारा भ्रमिष्ट झाला म्हणून हात झटकले नाहीत. त्यानं ते नीट समजून घेतलं आणि १७६० साली छापलं. आज डॉक्टर या अनुभवाला त्या नातवाच्याच नावानं ओळखतात. डोळ्यांकडून येणारं कमी झालं की मेंदू ती जागा आपल्या चित्रांनी भरतो. कुणाला भिंतीवर जाळी किंवा वेलबुट्टी दिसते, कुणाला अनोळखी चेहरे, कुणाला बोटभर उंचीची माणसं. मॅक्युला झिजलेल्या अनेकांच्या वाट्याला हे येतं आणि पुष्कळ जण ते कुणालाही सांगत नाहीत. लोक वेड्यात काढतील ही भीती असते. आपल्याकडे त्यात आणखी एक भर, कुणीतरी बाहेरची बाधा म्हणून दृष्ट काढायला बसेल.

जरा विचार करा. तुम्ही एका माणसाच्या नजरेत कोंडले गेल्याची कल्पना करकरून हैराण झाला आहात. आणि त्याच घरात एका बाईला कदाचित मुलाचा चेहरा दिसत नाहीये, जे दिसतंय ते दुसऱ्या कुणाला दिसत नाहीये, आणि ती ते बोलत नाहीये. सकाळी चहा देताना कपाची कड चाचपते, कडेकडेनं चालते आणि ‘मला काय झालंय’ म्हणते. असं असलं, तर तुम्ही जे पुस्तकांत वाचलंत ते ती रोज जगते आहे. माझा जीव तिच्यासाठी तुटतो. तुमच्यासाठीही तुटला असता, पण तुम्हाला निदान पत्र लिहिता येतं.

शिबिराबद्दल माझं काही वाईट मत नाही. फक्त आत बघायचा सराव तुम्हाला कमी पडलेला नाही, एवढंच म्हणते.

तेव्हा एकच काम सांगते. या आठवड्यात आईला रेटिनाच्या, म्हणजे डोळ्याच्या पडद्याच्या, डॉक्टरकडे घेऊन जा. चष्म्याच्या दुकानात नंबर काढून आणलात तर ते धरणार नाही. ‘मोतीबिंदूचं ऑपरेशन झालंय तिचं’ हेही सांगू नका. त्यात भिंग बदलतात, मागचा पडदा तोच राहतो. तोपर्यंत घरच्या घरी एक करून बघा. नेहमीचा चष्मा लावून, एक डोळा हातानं झाकून, दाराच्या चौकटीकडे किंवा बाथरूमच्या टाइल्सच्या रेघांकडे तिला बघायला सांगा. मग दुसरा डोळा. सरळ रेघ मधेच वाकडी, लाटेसारखी किंवा तुटलेली दिसली, तर आठवडाही थांबू नका, दुसऱ्या दिवशी सकाळी निघा. मॅक्युला झिजण्याच्या या आजाराच्या ओल्या प्रकारात पडद्याखाली नको त्या रक्तवाहिन्या वाढतात आणि पाझरतात. नजर काही आठवड्यांत खाली येऊ शकते. त्यावर डोळ्यात इंजेक्शनं देतात. गेलेली सगळी परत येईलच असं नाही, पण वेळेवर गेलं तर उरलेली बऱ्याचदा राखता येते. सुका प्रकार वर्षानुवर्षं हळूहळू चालतो. तिथे भिंगं, चांगला उजेड, ठळक अक्षरं यांचा आधार असतो, आणि बाजूनं बघण्याची जी युक्ती तिला आपोआप सापडली असेल, ती लो व्हिजन क्लिनिकमध्ये, म्हणजे नजर अधू झालेल्यांच्या दवाखान्यात, नीट शिकवतात.

आणि तुम्ही जा. बायकोला शाळेतून रजा काढायला लावून पाठवू नका. मुलाला गाडी घेऊन पाठवू नका. तपासणीत डोळ्याची बाहुली मोठी करायचे थेंब घालतात, नंतर काही तास धूसर दिसतं, सोबत माणूस लागतंच. थेंब घातल्यावर बाहेर बाकावर बसून वाट बघावी लागते. त्या वेळात मोबाइल खिशात ठेवा आणि तिला विचारा. माझा चेहरा कुठून बघितला की दिसतो? डोळे दिसतात का? समोर नसलेलं कधी काही दिसतं का गं? दिसत असेल तर घाबरू नकोस, पुष्कळांना दिसतं.

ती पहिल्यांदा म्हणेल, ‘दिसतंय रे सगळं, आता वय झालं.’ तिच्या पिढीच्या बाया असंच म्हणतात, मुलाला ताप नको म्हणून. तिथे थांबू नका. पुन्हा विचारा. तुम्ही कुठे बसलात तर तिला बरं पडतं ते विचारा आणि उठून तिथे बसा. एवढी हालचाल झाली की तिला कळेल, हा उगीच विचारत नाहीये.

तुम्ही विचारलंत की प्रत्येक जण आपल्यात बंद आहे हे सत्य आहे का. तुम्ही आई होणार नाही, हे खरं. तिला जसं दिसतं तसं तुम्हाला कधीच दिसणार नाही. पण ‘मधे धुकं असतं रे, कडेनं तुझे कान दिसतात’ असं ती म्हणाली, तर तिची खुर्ची खिडकीकडे पाठ करून ठेवायची हे तुम्हाला कळेल. पांढऱ्या ताटात पांढरा भात वाढायचा नाही, हे कळेल. जेवताना कुठल्या बाजूला बसायचं, हे कळेल. दुसऱ्याच्या जगातलं इतकं कळणं मला पुरेसं वाटतं. तुम्ही यातलं काही करून न बघताच दार बंद असल्याचा निकाल देऊन बसला आहात. मला तो मान्य नाही.

बायकोबद्दल आज काही लिहीत नाही. आईला न विचारणारा माणूस बायकोला काय विचारत असेल याचा मला अंदाज आहे. त्याचं नंतर बघू.

तपासणी झाली की मला लिहा. डॉक्टर काय म्हणाले ते कळवाच, पण आधी आईला काय दिसतं ते लिहा. तिच्या शब्दांत. तुम्हाला त्यावर काय वाटलं ते त्या पत्रात नको.