बँडसॉचा कट गुण्यात का येत नाही? : वाचकांचे प्रश्न

घराच्या शेडमध्ये फॅब्रिकेशनची छोटी कामं करतो. अँगल, चौकोनी पाइप आणि अधूनमधून 50 मिमीपर्यंतचा भरीव बार कापायचा असतो. कटऑफ मशीनचा आवाज आणि ठिणग्या शेजाऱ्यांना नकोशा झाल्यात. कोणता बँडसॉ (फिरत्या पट्टीसारख्या ब्लेडची करवत) घ्यावा?
— एक वाचक, इचलकरंजी

साडेचार इंची गोल बार मावणारा छोटा आडवा बँडसॉ तुम्हाला पुरेल. या मापाच्या बहुतेक मशीनना अर्धा एचपीची सिंगल फेज मोटर असते आणि 1638 मिमी लांब, 13 मिमी रुंद ब्लेड लागतं. पट्टा पुलीवर सरकवला की ब्लेडचा वेग मिनिटाला साधारण 20, 30 किंवा 50 मीटर मिळतो. स्टेनलेसला सर्वांत कमी, एमएसला (साधं माइल्ड स्टील) मधला, अॅल्युमिनियम आणि पितळेला वरचा वेग ठेवा.

स्प्रिंगवर खाली येणाऱ्या मशीनपेक्षा हायड्रॉलिक सिलिंडरवालं घ्या. पातळ पाइपवर ब्लेड आदळत नाही, हा त्याचा मोठा फायदा. दुकानातच प्लग काढून चाक हाताने फिरवा. ते कुठेही अडखळता कामा नये. गिअरबॉक्सच्या सीलखाली तेल गळलेलं नाही ना तेही बघा. नवं मशीन घरी आलं की गिअरबॉक्सचं झाकण उघडून आतलं तेल तपासा. तेल कमी असेल तर वर्म गिअरचं व्हीजी 460 हे दाट तेल घाला.

वायरिंगमध्ये कंजुषी नको. अर्थिंग पक्कं हवं आणि स्टार्टर नो-व्होल्ट कॉइलचा, म्हणजे लाइट गेली की स्वतः बंद होणारा हवा. साध्या स्विचवर मशीन चालू असताना लाइट गेली, तर लाइट परत येताच ब्लेड आपोआप फिरू लागतं. तेव्हा तुमचा हात व्हाइसमध्ये असू शकतो.

मशीन नवीन आहे, ब्लेडही नवीन, तरी 50 मिमीच्या चौकोनी बारचा कट खाली येताना तिरका जातो. दुकानदार म्हणतो, छोट्या मशीनला एवढं चालायचंच. खरं आहे का?
— एक वाचक, चिपळूण

नाही. नीट बसवलेलं छोटं मशीनही 50 मिमीत पाव मिलिमीटरच्या आत कट देतं. तुमचं मशीन बहुधा खोक्यातून काढून तसंच चालवलेलं आहे.

आधी चूक कुठे आहे ते शोधा. बारचं टोक कापा, बार स्वतःच्या अक्षाभोवती अर्धा फिरवा आणि 10 मिमी जाडीची चकती कापा. बार फिरवला नाही तर दोन्ही बाजू सारख्याच तिरक्या येतात, चकतीची जाडी सगळीकडे एकच भरते आणि दोष लपून राहतो. फिरवल्यावर मात्र तो दुप्पट दिसतो. चारही कडांवर व्हर्नियर लावा. वर-खाली जाडीत फरक असेल तर दोष गाइडचा (ब्लेडला सरळ धरणाऱ्या बेअरिंगचा) किंवा ब्लेडच्या ताणाचा. पुढच्या आणि मागच्या कडेत फरक असेल तर व्हाइसचा स्थिर जबडा ब्लेडशी काटकोनात नाही. त्याचे बोल्ट ढिले करून गुण्या लावा. तुमच्या वर्णनावरून पहिलीच शक्यता दिसते.

आता क्रम महत्त्वाचा. सगळे गाइड बेअरिंग ब्लेडपासून दूर सारा. ब्लेडला ताण देणारा नॉब हाताने जोर लावून घट्ट करा, कारण ढिलं ब्लेड कापताना पोटात वाकतं. मग चाकाचा कल असा ठेवा की ब्लेडची पाठ चाकाच्या कडेला जेमतेम टेकेल. ती घासत राहिली तर ब्लेड मागून चेपतं आणि तडे जातात. कल बदलला की ताणही बदलतो, म्हणून तो पुन्हा बघा. त्यानंतरच बेअरिंग जवळ आणा. एक्सेंट्रिक बुश (फिरवला की बेअरिंग जवळ-दूर सरकवणारा) इतकाच फिरवा की बेअरिंग ब्लेडला टेकेल, पण बोटाने धरलं तर थांबेल. बेडवर गुण्या उभा करून ब्लेडच्या सपाट अंगाला लावा. दाते बाहेर झुकलेले असल्याने गुण्या त्यांच्यावर टेकवू नका. फट दिसली तर गाइडचा ब्रॅकेट किंचित वळवा. शेवटी दोन्ही गाइड कामाच्या जितके जवळ आणता येतील तितके आणा. छोटा बार कापताना ते लांब ठेवणं ही सर्वांत सामान्य चूक आहे.

ब्लेडचे दाते सलग तुटतात. बायमेटल (दात्यांना वेगळं कठीण स्टील असलेलं) ब्लेड घेतलं तरी तेच.
— एक वाचक, भोसरी

कापत असलेल्या जाडीत एका वेळी किमान तीन दाते हवेत. 5 मिमीचा अँगल एक अंग उभं ठेवून इंचाला 14 दात्यांच्या ब्लेडने कापला, तर त्या अंगात तीन दातेही राहत नाहीत. अँगल उलटा, कोपरा वर करून धरा. तिरक्या कटात जाडी 7 मिमी होते आणि चार दाते बसतात. कोपऱ्यावर ब्लेड हळू उतरवा. 2 मिमीच्या पाइपला 24 दात्यांचं ब्लेड घ्या आणि दाब अगदी कमी ठेवा, कारण तिथे दोनच दाते बसतात. 50 मिमीच्या भरीव बारला मात्र 6/10 चं, म्हणजे इंचाला 6 ते 10 मोठ्या दात्यांचं ब्लेड लागतं, नाहीतर खाचा कीसाने भरतात.

नव्या ब्लेडला पहिले काही कट निम्म्या दाबाने द्या. कीस वळलेला आणि गार निघाला तर दाब बरोबर. भुकटी निघते तेव्हा दाब कमी असतो आणि दाते नुसते घासतात. कीस निळा पडला तर दाब किंवा वेग कमी करा.

कूलंट (कापताना ब्लेडवर सोडायचं गारवा देणारं द्रव) लागतंच का?
— एक वाचक, मडगाव

एमएस हळू वेगाने कोरडंही चालतं, पण सोल्युबल ऑइल एकास दहा पाण्यात घातलं तर ब्लेड जास्त टिकतं. अॅल्युमिनियम दात्यांत चिकटतं, त्याला वॅक्स लावा. बिडाला मात्र कोरडंच ठेवा, नाहीतर काळा चिखल गाइडमध्ये जाऊन बेअरिंग अडकतात.